बसमध्ये चाळीस मोबाईल, वाट एकाच्याच खिशात

पावसाळा लागला की नागपुरातून शनिवारी रात्री ट्रेकच्या बसगाड्या सुटू लागतात. कोणी पचमढीला जातं, कोणी तामियाला, कोणी चिखलदऱ्याला. हौस दांडगी असली तर रेल्वेनं नाशिकरोडला उतरून थेट कळसूबाई. बसमध्ये चाळीस जण असले तर चाळिसांच्याही खिशात जीपीएसचा रिसीव्हर असतो, कारण आजकाल तो प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतोच. तरीही बसमधून उतरल्यावर वाट एकालाच माहीत असते. त्याला लीडर म्हणायचं. त्याच्या फोनमध्ये कुठूनतरी उतरवून घेतलेला ट्रॅक, म्हणजे आधी कोणी चालून गेलेल्या वाटेची जीपीएसवरची नोंद, असतो, बाकीचे त्याच्या पाठमोऱ्या सॅककडे बघत चालतात. तो चुकला की सगळेच चुकतात आणि तो घसरून पडला तर पुढं काय, याचा विचार जाहिरातीत कुठंच नसतो. 'अनुभवी लीडर सोबत असतील, काळजी नसावी' एवढंच असतं.

मला ही व्यवस्था धोक्याची वाटते. डोंगरात जीपीएस वापरणं हे शिकायचं कौशल्य आहे, ते पैसे भरून येणाऱ्या प्रत्येकाला शिकवणं हे आयोजकांचं काम आहे, आणि नागपूरसारख्या शहरात ते शिकायची सोय उघडपणे, परवडेल अशा पैशांत असायला हवी. हे बोललं की दोन्हीकडून लोक अंगावर येतात. तरुण मंडळी म्हणतात, त्यात शिकायचं काय, नकाशावर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका दिसतो ना? जुनी मंडळी म्हणतात, आम्ही या मोबाईलशिवाय सातपुडा पालथा घातला.

आधी निळ्या ठिपक्याचं बघू. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्यांची एक गाडी मोबाईलवरच्या नकाशानं दाखवलेल्या रस्त्यानं अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्यात गेली. रस्त्यावरचा पूल पाण्याखाली होता. गाडीतला एक जण दगावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघं गेले, तिथंही चर्चा मोबाईलच्या नकाशाचीच झाली. या दोन्ही ठिकाणी जीपीएस चुकलं नव्हतं. गाडी कुठं आहे हे त्यानं बरोबरच सांगितलं असणार. समोर काय आहे हे सांगणं त्याच्या हातात नसतं. ते काम नकाशाचं आणि त्याहून जास्त डोळ्यांचं. ही रस्त्यावरची कथा. डोंगरात तर रस्ताच नसतो.

सगळ्यात जुना गैरसमज असा की नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं. पचमढीच्या खाली उतरलं आणि टॉवरच्या कांड्या गेल्या की अर्धे लोक फोन खिशात टाकतात, 'आता काही उपयोग नाही' म्हणून. खरं तर फोन उपग्रहांना काहीच पाठवत नसतो. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली वेळ आणि जागा सांगत असतात, फोन फक्त ऐकतो आणि निदान चार उपग्रहांवरून आपली जागा काढतो. त्याला सिमकार्डही लागत नाही. नेटवर्कवाचून अडतं ते पडद्यावरच्या नकाशाचं, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. तो आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवला की फ्लाइट मोडमध्येही ठिपका चालतो आणि बॅटरी वाचते ती वेगळीच. निघण्याच्या जागी नेटवर्क असतानाच एकदा लोकेशन लागू द्यायचं, हेही कोणी सांगत नाही. उपग्रहांचं सगळं वेळापत्रक थेट आकाशातून उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात. टॉवर असला तर तीच माहिती काही सेकंदांत येते.

इथवर दहा मिनिटांत सांगून होतं. खरं शिक्षण पुढं आहे, ते समोच्च रेषांचं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषांचं.

पचमढीचं पठार वालुकाश्माचं आहे आणि पाण्यानं ते उभं चिरत नेलं आहे. तिथल्या हांडी खोह या दरीच्या कठड्यापाशी उभं राहिलं की पायाखाली तीनशे फुटांचा सरळ कडा आहे. अशा मुलखात फोन सांगतो, पुढचा टप्पा ४०० मीटर. हे ४०० मीटर सरळ उडत जाणाऱ्या कावळ्याचे असतात. माणसासाठी मधे दरी असते आणि तिला वळसा घालायला दोन तास लागू शकतात, किंवा वळसाच नसतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशावर, म्हणजे टोपोशीटवर, दर २० मीटर उंचीला एक रेषा असते. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, विरळ झाल्या की सपाटी. चढाकडं टोक करून वळल्या तर नाळ किंवा ओढा, उताराकडं टोक करून वळल्या तर सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. ज्याला एवढं वाचता येतं तो ठिपका बघून म्हणतो, 'मी सोंडेच्या डाव्या अंगाला उतरलोय, खाली कडा आहे, परत वर चढून धार पकडली पाहिजे.' ज्याला येत नाही तो बाणाच्या दिशेनं चालत राहतो. फोन दोघांचा सारखाच असतो. आणि नेमक्या त्या अरुंद खोहात आकाशाची चिंधीच दिसत असल्यानं सिग्नल कड्यांवर आपटून येतो, ठिपका दरीच्या या काठावरून त्या काठावर उड्या मारतो. उघड्या माळावर पाच मीटरच्या आत बरोबर असणारा फोन इथं कितीही चुकू शकतो. हे माहीत असलेला माणूस त्या उड्यांनी घाबरत नाही, थोडं उघड्यावर येऊन परत बघतो.

सागाच्या जंगलात तर ऋतूप्रमाणं शिकावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग उघडा पडतो, आकाश मोकळं असतं, सिग्नल झकास. पण पायवाट मात्र पानगळीखाली गडप झालेली असते, कारण सागाचं एकेक पान ताटाएवढं. पावसाळ्यात उलट. वरून ओल्या पानांचं छत आणि खाली कमरेएवढा तरोटा. तेव्हा पावलाला वाट सापडत नाही आणि फोनला उपग्रह. नेमक्या याच दिवसांत आपल्या बसगाड्या भरून निघतात.

दुसऱ्याचा ट्रॅक डोळे मिटून पाळण्याची गंमत मी सालबर्डीच्या डोंगरात पाहिली. कॉलेजची पोरं महादेवाकडं निघाली होती, पुढच्याच्या हातात मोबाईल, त्यात कोणीतरी टाकलेला ट्रॅक. एका जागी ती सगळी वरात डावीकडं झुडपात घुसली, मोठा वळसा घालून अंगाला काटे लावून घेऊन पुन्हा त्याच वाटेवर, पन्नास पावलं पुढं येऊन निघाली. ज्यानं तो ट्रॅक रेकॉर्ड केला होता तो तिथं भरकटला असणार आणि परत आला असणार. त्याचं भरकटणं फोननं इमानेइतबारे नोंदवलं आणि या पोरांनी ते इमानेइतबारे चालून दाखवलं. बाजूच्या खडकावर बसलेला गुराखी हसत म्हणाला, "भाऊ, थे वाट ढोराईची हाय. पाण्यावर जाते. महादेवाची वाट ह्या अंगानं हाय ना!" मुलांनी मान हलवली आणि पुन्हा मोबाईलकडं पाहिलं.

जुन्या मंडळींना ही गोष्ट सांगितली की ती खूश होतात. बघा, म्हणतात, गावातल्या माणसाला विचारा, मोबाईल टाकून द्या. त्यांचं अर्धं खरं आहे. डोंगर डोक्यात उतरायचा तर मान वर पाहिजे, आणि पडद्यात बघत चालणाऱ्याला सूर्य कोणत्या अंगाला होता हेही आठवत नाही. पण विचारायला माणूस तरी हवा. मेळघाटातली कितीतरी गावं पुनर्वसनात बाहेर आली आहेत. जी आहेत त्यांतली पोरं कामाला अमरावती-नागपूर-पुण्याला. ज्या म्हाताऱ्याला सगळ्या वाटा ठाऊक आहेत त्याचे गुडघे गेलेत. शिवाय गावचा माणूस वाट सांगतो ती तुम्ही गावात असताना. धुक्यात, धारेवर, सूर्य मावळल्यावर तो जवळ नसतो. जुन्या मंडळींचं होकायंत्र मात्र मी सॅकमध्ये ठेवीन. आपल्याकडं त्याची एक सोयही आहे. नागपूरच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. जगात अनेक ठिकाणी हा फरक जमेस धरून आकडेमोड करावी लागते. आपण सुई बघितली की झालं.

वाट चुकल्यावरची गोष्ट याहून महत्त्वाची. समजा कोणाचा पाय मोडला आणि एका कोपऱ्यात फोनला रेंज मिळाली. ११२ लावला. समोरून विचारलं, कुठं आहात? 'झाडाजवळ, ओढ्याच्या वर' याला काही अर्थ नाही. अक्षांश-रेखांश सांगायचे. ते कसे सांगायचे हेही शिकावं लागतं. नागपुरातला झीरो माइलचा खांब घ्या, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचे आकडे साधारण २१.१५ आणि ७९.०८, म्हणजे दशांश अंशांत. आता हेच घाईत कोणी 'एकवीस अंश पंधरा, एकोणऐंशी अंश आठ' असं सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं पंधरा आणि आठ ही मिनिटं, म्हणजे अंशाचे साठावे भाग, धरली, तर खांबापाशी उभा असलेला माणूस बारा किलोमीटर लांब, कोराडी आणि कामठीच्या मधे कुठंतरी जाऊन पडतो. शहरात याचं हसू येईल. सातपुड्यात बारा किलोमीटर म्हणजे दुसरी दरी, दुसरा तालुका, कदाचित दुसरं राज्य. शोधपथक रात्रभर भलत्याच नाळेत हाका मारत फिरेल.

त्याच खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट, म्हणजे ३११ मीटरच्या आसपास. तिथं उभं राहून जीपीएसचं एखादं साधं ॲप उघडून बघा. काही ॲप तेवढीच उंची दाखवतात, काही पन्नास मीटरांहूनही जास्त कमी. फोन बिघडलेला नसतो. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, खांबावरची उंची आहे ती समुद्राच्या पातळीपासून, आणि भारतात या दोहोंत बरंच अंतर पडतं. चांगलं ॲप तो फरक भरून काढून उंची दाखवतं, साधं ॲप भरून काढत नाही. माथा जवळ आला की नाही हे उंचीवरून ठरवणाऱ्यानं हे एकदा खांबापाशी तपासून घ्यावं. पैसे लागत नाहीत.

हा विषय नागपूरकरांना परका वाटावा याचं मला खरंच नवल वाटतं. १८०२ मध्ये मद्रासहून हिंदुस्थान मोजायला निघालेला विल्यम लॅम्ब्टन त्या कामातच, नागपूरकडं येत असताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. आपल्यातल्या किती जणांनी ती बघितली असेल? त्याचं काम पुढं नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे काढले त्यांवर आपल्या टोपोशीट दीडशेहून अधिक वर्षं बेतलेल्या होत्या. जीपीएसचा आकार वेगळा, त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. म्हणून जुन्या टोपोशीटवरचे आकडे जसेच्या तसे फोनमध्ये टाकले तर आपल्या भागात शंभर ते दोनशे मीटरांची चूक येते. कड्याच्या काठावर दोनशे मीटर म्हणजे काय ते सांगायला नको. २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी नवी मालिका निघाली ती डब्ल्यूजीएस ८४ वर आहे. त्यातल्या बऱ्याच शीट आता सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरची उरलीसुरली बंधनंही बरीच सैल झाली. कधीकाळी टोपोशीट मागायला गेलं की संशयानं बघत. आता कोणी अडवत नाही, तर आपणच मागत नाही.

नकाशांच्या संस्था तर या शहरात दाटीवाटीनं आहेत. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथं आहे, इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र इथं आहे, देशाच्या मातीचे नकाशे करणारी संस्था अमरावती रोडवर आहे, सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आहे. उपग्रहाच्या चित्रावरून अख्खा विदर्भ वाचणारी माणसं रोज संध्याकाळी आपल्याच रस्त्यांवरून घरी जातात, आणि त्याच टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्याला नकाशावर उत्तर कुठली ते सांगता येत नाही.

हे कौशल्य अवघड आहे, शिकल्यासवरलेल्यांचं आहे, असंही म्हणायची सोय नाही. ऑगस्ट २०२१ पासून आपले शेतकरी ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासकट चढवत आहेत. कटकट करतात, रेंज नाही म्हणून वैतागतात, पण करतात. गडचिरोलीच्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काच्या हद्दी जीपीएस हातात धरून चालून नोंदवल्या. पेंच, ताडोबा, मेळघाटातले वनरक्षक एम-स्ट्राइप्स या गस्तीच्या मोबाईल ॲपवर रोजची गस्त नोंदवतात, कुठल्या पाणवठ्यापाशी पगमार्क दिसला ते आकड्यांसह टाकतात. म्हणजे धुऱ्यावरच्या माणसाला, पाड्यावरच्या माणसाला आणि बीटवरच्या गार्डला हे येतं. येत नाही ते ट्रेकला दोन-तीन हजार भरून, पाचशे डॉलरच्या घड्याळाची स्वप्नं बघत येणाऱ्या आपल्याला.

एक आक्षेप मात्र मी हलका धरत नाही. प्रत्येकाला वाट काढता येऊ लागली की प्रत्येक जण कुठंही घुसेल. ज्या धबधब्याला वर्षाकाठी दहा माणसं जात होती तिथं ट्रॅक फुटला की पुढच्या रविवारी पाचशे जातात, आणि आपल्याकडं तर निम्मा डोंगर व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथं परवानगीवाचून पायी हिंडणं गुन्हा आहे, आणि तो नियम वाघासाठी जितका आहे तितकाच तुमच्यासाठी. पचमढीजवळच्या नागद्वारीच्या यात्रेची वाटसुद्धा याच कारणानं श्रावणात नागपंचमीच्या आसपासचे थोडे दिवसच उघडते. याला माझं उत्तर असं की नकाशा वाचायला शिकलेल्याला वनाची हद्दही वाचता येते. ट्रॅकच्या मागं मेंढरासारखा जाणारा गाभा क्षेत्रात कधी शिरला हे त्याला कळतही नाही. तरीही जंगलातल्या आडवाटांचे ट्रॅक सगळ्यांसाठी टाकू नयेत, एवढी शिस्त वर्गात पहिल्याच तासाला शिकवली पाहिजे. आणखी एक गोष्ट त्याच तासात सांगावी. परदेशातून आणलेली, उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्या देशात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाहीत. त्यापायी पर्यटकांना पोलिसांनी अडवल्याच्या बातम्या येतात. नुसत्या जीपीएसला अशी आडकाठी नाही, ते फक्त ऐकतं.

राज्यानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांच्या नोंदणीचं आणि सुरक्षेचं त्यात आहे. पण नोंदणी झाली म्हणजे लीडरच्या फोनमधली वाट चाळिसांच्या डोक्यात जात नाही. मला त्यात साधीच भर हवी आहे. बस सुटण्याच्या तीन दिवस आधी आयोजकानं त्या वाटेचा ट्रॅक आणि टोपोशीटचा तेवढा तुकडा प्रत्येकाला पाठवावा, परत फिरायची वेळ आणि अडचणीत लवकर बाहेर पडायच्या दोन वाटा त्यावर खुणेनं दाखवाव्यात, आणि एक कागदी प्रत प्रत्येक पाच जणांमागं एकाच्या खिशात असावी, प्लास्टिकच्या पिशवीत. पावसात टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही, कागद देतो. ज्याला हे पाठवायचं नाही तो 'माझी वाट माझा धंदा' म्हणतोय असं समजावं. धंदा करायला हरकत नाही, पण मग पायथ्याच्या गावातला एक वाटाड्या मजुरी देऊन सोबत घ्यावा, कारण ती वाट मुळात त्याची होती.

शिकवण्यासाठी पचमढीला जायची गरज नाही. रामटेकची टेकडी आहे. ५५ ओ/७ ही जुन्या क्रमांकाची शीट तिची. नवी शीट छापून घ्यायची, अंबाळ्याच्या तलावापासून निघायचं, पायऱ्या सोडून द्यायच्या आणि फोन खिशात ठेवून फक्त नकाशावर गडमंदिरापर्यंतची धार ओळखत जायचं. दर अर्ध्या तासानं थांबून प्रत्येकानं कागदावर 'मी इथं आहे' अशी फुली मारायची, मग फोन काढून ताडून बघायचं. पहिल्या दोन फुल्या हमखास ओढ्याच्या पलीकडं पडतात. दुपारनंतर पडत नाहीत. शिकवायला एनसीसीत नकाशावाचन घेणारे लोक आहेत, भूमापनातून निवृत्त झालेले आहेत, आणि मला विचाराल तर पेंचच्या बीटवरून निवृत्त झालेला वनरक्षक सगळ्यात उत्तम. त्याला मानधन द्यावं, चहा-पोह्यावर बोळवण करू नये. चाळीस जणांकडून माणशी शंभर रुपये घेतले तरी त्याचे दिवसाचे चार हजार होतात. ट्रेकच्या टी-शर्टला यापेक्षा जास्त लागतात.